निसर्ग 'तो', मग मदर नेचरचं काय करायचं?

प्रश्न असा आलाय की इकोफेमिनिझमला, म्हणजे बाईचं शोषण आणि निसर्गाची लूट यांचा संबंध जोडणाऱ्या विचाराला, मराठीत काय म्हणायचं, आणि मराठीत निसर्ग पुल्लिंगी असताना 'निसर्ग म्हणजे स्त्री' हे बसवायचं कसं.

दुसरा भाग जास्त मजेशीर, म्हणून तो आधी. हिंदीत ही अडचण येतच नाही, प्रकृति म्हणजे नेचर आणि ती स्त्रीलिंगी, विषय संपला. पर्यावरणवादी लेखिका वंदना शिवांनी १९८८ च्या 'स्टेइंग अलाइव्ह' पुस्तकात जी प्रकृती वापरलीय ती आणखी मागची, स्त्री-तत्त्व म्हणून, सगळं घडवणारी शक्ती. सांख्य या जुन्या भारतीय दर्शनातही सगळी उलाढाल प्रकृतीच करते, पुरुष नुसता बघत बसतो. पण रोजच्या मराठीत प्रकृती म्हणजे तब्येत! एका मैत्रिणीने भाषांतर वाचायला दिलं होतं, त्यात 'प्रकृतीचा ऱ्हास' असं होतं, मी आधी कोण आजारी आहे तेच शोधत बसलो. तेव्हा नेचरला निसर्गच लिहा आणि तो पुल्लिंगीच राहू दे. व्याकरणातल्या लिंगावरून तत्त्वज्ञान काढायला गेलं की पंचाईत होते, नदी ती, ओढा तो आणि झाड ते, मग झाडाचं काय करणार?

रूपकांचं मात्र तसं नाही, ती खरंच काहीतरी सांगतात. वांझ जमीन म्हणतो आपण, वांझ बियाणं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, ते उगवलं नाही एवढंच म्हणतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर सरळच आहे, स्त्री क्षेत्र आणि पुरुष बीज, म्हणजे शेत कुणाचंही असो पीक बियाण्याच्या जातीचं. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबेंनी १९८६ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, मिळालं तर वाचाच.

आता शब्द. मूळ फ्रेंच शब्द स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज द'ओबोन यांचा, १९७४ चा. त्याला पर्यावरणीय स्त्रीवाद ठीक आहे (परिस्थितिकीय वगैरे नको, जीभ अडकते). फक्त उलटा करून 'स्त्रीवादी पर्यावरणवाद' लिहू नका, तो वेगळा विचार आहे. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये तो मुद्दाम वेगळा मांडला, की बाई उपजत निसर्गाच्या जवळ असते वगैरे सोडा, सरपण कोण आणतं, पाणी कोण भरतं आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा.

मला हेच जास्त पटतं. आमचे आजोबा पेरणीआधी काळ्या आईला नारळ फोडायचे, वाफसा आलाय का ते मूठभर माती दाबून बघायचे, आणि त्या शेतात त्यांच्याइतकीच राबलेल्या आजीचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली होती, नवऱ्याने जिवंतपणीच थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची अशी. आमच्या आजोबांनी काही केली नाही.