मास्क उशीखाली आणि बायको भिंतीपलीकडे

पत्र:
ताई, माझं वय 51. स्लीप स्टडी केली, त्यात तासाला 38 वेळा श्वास अडकतो असं निघालं. डॉक्टरांनी झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लावायला सांगितलं. मशीन येऊन तीन आठवडे झाले. नाकातोंडावर बसणारा मास्क, समोर लोंबणारी नळी, डोक्यामागे पट्टे. लावला की जीव गुदमरतो. कसाबसा झोपतो आणि रात्री दोनच्या सुमाराला लघवीला उठतो, तेव्हा मास्क उशीखाली सापडतो. कधी काढला ते मलाच आठवत नाही. बायको माझ्या घोरण्याला कंटाळून दोन वर्षं शेजारच्या खोलीत झोपते. परवा तिने विचारलं, "मशीन लागू पडलंय ना? मग येऊ का परत?" मी म्हणालो, रोज रात्रभर लावतो, पण मशीनचा आवाज फार होतो, थोडे दिवस थांब. दोन्ही खोटं. खरं म्हणजे या अवतारात तिने मला बघू नये असं वाटतं. गेल्या आठवड्यात सिग्नलला गाडीतच डोळा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. तेही तिला सांगितलेलं नाही. मशीन परत करून ऑपरेशन करून मोकळा होऊ का?
– सोंडवाला

उत्तर:
सोंडवाला, नमस्कार.

तुम्ही सिग्नलची गोष्ट पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. मी ती पहिली घेते. उद्यापासून गाडीच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. झोप ताळ्यावर येईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही. सिग्नलला गाडी उभी होती म्हणून नुसत्या हॉर्नवर निभावलं. यावर माझ्याशी वाद घालू नका, बाकी कशावरही घाला.

आता तुमचं खोटं. मशीनचा आवाज फार होतो म्हणालात. अहो, हल्लीची मशीनं पंख्याच्या घरघरीत हरवून जातात. मास्क नीट बसला नसेल तर कडेने हवा फुसफुसते, तेवढाच काय तो आवाज. आणि भिंतीपलीकडे काय ऐकू येत असेल, याचा विचार केलात का? पहिले दोन तास शांतता. मग दोन वाजता पुन्हा करवत सुरू. ज्या बाईने तुमचं घोरणं इतकी वर्षं ऐकलं, तिला त्याची वेळ कळत नसेल? माझी पैज आहे, तिला सगळं माहीत आहे. "येऊ का परत" हा तिने तुम्हाला खरं बोलायला दिलेला मोका होता.

मी स्वतः सहा वर्षं सीपॅप लावून झोपते. या स्तंभात हे कधी लिहिलं नव्हतं, कारण तुमचंच कारण. पहिली दोन वर्षं मी मैत्रिणींबरोबर मुक्कामाला जाणं टाळत होते. "घरी पाहुणे आहेत," असं इतक्यांदा सांगितलं, की माझं घर म्हणजे धर्मशाळा आहे असं त्यांना वाटायला लागलं असेल. तेव्हा लाजेबद्दल मला काही समजावू नका, त्यात मी तुमच्यापुढे आहे.

पण तुमचा मास्क दोन वाजता उशीखाली जातो तो लाजेमुळे नाही. झोपेत कुणाला लाज वाटत नाही. तो कुठेतरी टोचत असतो, कडेने गळत असतो, तोंड कोरडं पाडत असतो, म्हणून झोपेतला हात जाऊन तो काढतो. ही मनाच्या जोराची परीक्षा नाही, फिटिंगची अडचण आहे. आणि फिटिंगची अडचण दुरुस्त होते.

माझं सांगते. मशीन घेतलं तिथे त्या माणसाने मला खुर्चीत ताठ बसवून, मशीन बंद असताना मास्क लावला, पट्टे ओढले आणि "परफेक्ट" म्हणाला. घरी येऊन आडवी झाले, हवा सुरू झाली, कूस बदलली आणि परफेक्ट संपलं. हवा डोळ्यांवर यायची. मी पट्टे आणखी आवळायचे. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल खोबण पडलेली असायची. सहा आठवडे मी स्वतःला दोष दिला. शेवटी झोपेच्या दवाखान्यातल्या टेक्निशियन बाईंनी एका नजरेत सांगितलं, साइज मोठी आहे. लहान कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, बसवलं आणि काम झालं. सहा आठवड्यांचा त्रास, पाच मिनिटांचा उपाय.

त्या बाईंनी शिकवलेली रीत तुम्हाला देते. मास्क बसून बघायचा नाही. ज्या कुशीवर झोपता, त्या कुशीवर आडवं व्हायचं आणि मशीन चालू करायचं. सगळे पट्टे सैल सोडायचे. मग मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढायचा, कुशन हवेने फुगू द्यायचं आणि अलगद खाली बसवायचं. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, थोडे थोडे. एक बाजू आवळली की दुसरी गळते. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. कुशन हवेवर तरंगत बसतं, त्याला दाबून बसवलं की घडी पडते आणि त्या घडीतूनच हवा निसटते. आवळून गळती थांबत नाही, वाढते. मिशी किंवा दाढी राखली असेल तर तेही टेक्निशियनला दाखवा, केसांवर कुशन नीट धरत नाही. कुशनवर दिवसभराच्या चेहऱ्याचं तेल असतं, तेही सरकवतं. म्हणून ते रोज सकाळी साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि झोपण्याआधी तोंड धुवायचं. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, तिथून हवा येते ती गळती नव्हे. तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. ती भोकं बुजवू नका. मी एकदा चिकटपट्टी लावणार होते, म्हणून सांगते.

गुदमरणं ही दुसरी गोष्ट. लोकांना वाटतं, मशीन आपल्यासाठी श्वास घेतं आणि आपण त्याच्या ताब्यात जातो. तसं नाही. श्वास तुमचाच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते. मशीन फक्त हवेचा दाब देऊन आतून टेकू लावतं. मंडपाला खांब देतात, तसं. तुमच्या नाकातोंडाच्या मास्कला अशी झडप असते, की वीज गेली किंवा मशीन बंद पडलं तर बाहेरची हवा आत येते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. मास्क लावा, मशीन बंद करा, श्वास घ्या. अर्धी भीती तिथेच जाईल.

उरलेली अर्धी दिवसा घालवायची. रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोक्याने, अंधारात मास्कशी कुस्ती खेळायची नाही. संध्याकाळी खुर्चीत बसून पेपर वाचताना मशीन चालू करा आणि मास्क हाताने नाकातोंडावर धरा. पट्टे नकोत. हवं तेव्हा हात काढता येतो हे शरीराला कळलं, की ते गोंधळ थांबवतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मग पट्टे. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून. मी असा आठवडाभर बातम्या ऐकत बसायचे. सातव्या दिवशी चष्मा शोधायला उठले आणि नळीसकट मशीन टेबलावरून खाली ओढलं, इतकं विसरायला झालं होतं. मशीन वाचलं, चष्मा गेला.

मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू चढवत नेते, तोवर तुम्हाला झोप लागते. श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते. दोन्ही तुमच्या मशीनमध्ये चालू आहेत का, विचारा. पण मूळ दाब स्वतः बदलायचा नाही. तो डॉक्टरांचा प्रांत.

तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीची, पातळी वाढवा. त्यात डिस्टिल्ड वॉटरच, आणि सकाळी उरलेलं फेकून द्यायचं. नळीत पाणी साठून तोंडावर थेंब पडले, तर पातळी जास्त झाली. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, दाबात बदल करता येतो. नाक चोंदलेलं असेल तर आधी नाकाचा इलाज. आणि झोप यावी म्हणून गोळी किंवा पेग, दोन्ही स्वतःच्या मनाने नको. दारूने घसा आणखी सैल पडतो.

आता दोन वाजताचं. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते. त्या झोपेत स्नायू सगळ्यात ढिले पडतात, त्यामुळे बहुतेकांचा श्वास तेव्हा सगळ्यात जास्त अडकतो. म्हणजे दोन वाजता मास्क काढून तुम्ही रात्रीचा अवघड भाग उघड्यावर काढता. आपोआप दाब वाढवणारं मशीन असेल तर त्याच वेळी तो वाढतो, मास्क नीट बसला नसेल तर त्याच वेळी गळतो आणि हात जातो. म्हणून जाग आली आणि मास्क उशीखाली दिसला, की हळहळत बसायचं नाही. लघवीला जाऊन यायचं, मास्क पुन्हा लावायचा, रॅम्प पहिल्यापासून सुरू करायचा.

लघवीला उठण्याचंही ऐका. तुम्ही ते वयाच्या खात्यावर टाकलं असेल. बंद घशाविरुद्ध छाती श्वास ओढते, तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, आणि हृदय त्यावर लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. माझ्या तीन फेऱ्या मास्क नीट बसल्यावर एकावर आल्या. घोरणं थांबलेलं आपलं आपल्याला कळत नाही, फेऱ्या मात्र कळतात. तुमच्या कमी झाल्या नाहीत तर तेवढ्यासाठी वेगळं दाखवून घ्या.

ऑपरेशनचं विचारलंत. तासाला 30 च्या पुढे गेलं की त्याला तीव्र म्हणतात, तुमचे 38 आहेत. काहींना ऑपरेशनचा उपयोग होतो, काहींना खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण चालतं, पण ते जास्त करून सौम्य आणि मध्यम त्रासात. वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही आगाऊपणा करत नाही. जास्त असेल तर उतरवल्याने फरक पडतो. पण त्याला महिने लागतात आणि तोवरच्या रात्री आहेतच. पर्याय जरूर विचारा, पण तीन आठवड्यांच्या नीट न बसलेल्या मास्कवरून सीपॅपला नापास करून नव्हे. एक गंमत सांगते. पूर्वी तीव्र त्रासावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिवन यांनी 1980 मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या नाकातून दाबाने हवा दिली. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असायची आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. त्यापुढे तुमची सोंड फारच सभ्य आहे.

राहिली बायको. स्वतःची झोप स्वतःला दिसत नाही. तुमचा हात किती वाजता मास्ककडे जातो, तोंड उघडं पडतं का, पाठीवर झालात की फुसफुसतं का, हे सांगू शकणारं माणूस घरात एकच आहे, आणि तुम्ही त्यालाच भिंतीपलीकडे थांबवून ठेवलंय. मशीन लावलेले तास नोंदवतं, गळतीही नोंदवतं. ती नोंद घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे जालच. पण रात्री दोन वाजता हलकेच मास्क पुन्हा बसवणं मशीनला जमत नाही.

ती तुम्हाला मास्कमध्ये बघून हसेल का? हसेल. माझा नवरा हसला होता. मग म्हणाला, श्वास थांबला की पुन्हा सुरू होईपर्यंत तो मनात आकडे मोजायचा, आता मोजायचं काम गेलं. हे तो वर्षानुवर्षं करत होता आणि मला पत्ता नव्हता.

तेव्हा आज जेवणानंतर तिला खोलीत बोलवा. आधी सिग्नलचं सांगा, मग उशीखालचं. मग मास्क तिच्या हातात द्या आणि वर लिहिलेली रीत तिला वाचायला सांगून तिच्याकडूनच पट्टे लावून घ्या. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे समोरून बघणाऱ्यालाच नीट दिसतं. या आठवड्यात टेक्निशियनची वेळ घ्या, मास्क बरोबर न्या, आणि त्यांनी खुर्चीत बसवलं तर "आडवा होऊन बघतो" म्हणा.

टोपणनाव बदलू नका, झकास आहे. महिन्याने पुन्हा लिहा. मशीनवर दिसणारे तास लिहा, जसे दिसतील तसे.

– ताई