रस्त्यात गाडी बंद पडली, तर कोणाची सेवा?

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीला चार वर्षं झाली. शोरूमकडून मिळालेली मोफत रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मिळणारी मदत) संपली. आता तीच पैसे भरून वाढवावी, विम्यासोबत ॲड-ऑन (जादा पैसे भरून मिळणारं पूरक कवच) घ्यावं की मोटार असोसिएशनचं सभासद व्हावं? महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून पुण्याला जातो.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पंक्चर झालं तर स्टेपनी लावून देणं, उतरलेल्या बॅटरीला जम्प स्टार्ट, चार-पाच लिटर पेट्रोल, आत राहिलेली किल्ली काढणं, ही यादी तिन्हींकडे जवळपास सारखीच असते. तिच्यावरून निवड करू नका. तुमचा खरा प्रश्न टोइंगचा, म्हणजे बंद गाडी गॅरेजपर्यंत नेण्याचा आहे.

पुष्कळ योजनांत टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंतच मोफत असतं, पुढे किलोमीटरमागे पैसे. ही मर्यादा एकेरी आहे की टोइंगची गाडी निघाल्यापासून परत येईपर्यंतची, हे लेखी विचारा. जाऊन-येऊन ५० किलोमीटर असेल, तर कराडहून निघालेल्या गाडीचं मोफत अंतर पाटण यायच्या आधीच संपतं. घाटाजवळचं कोयनानगर तर दूरच राहिलं.

दुसरी अट फ्लॅटबेडची, म्हणजे गाडी चारही चाकांसकट पाठीवर चढवून नेणाऱ्या ट्रकची. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाकं रस्त्यावर फिरवत नेली की आतले भाग तेलाविना घासतात, आणि साध्या बिघाडाचं रूपांतर गिअरबॉक्सच्या खर्चात होतं. तुमची एएमटी (साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणारी) असेल तर वेगळी अडचण : ती गिअरमध्ये बंद पडली आणि बॅटरीही उतरली, तर न्यूट्रलला येत नाही. म्हणून तक्रार नोंदवतानाच ‘फ्लॅटबेड पाठवा’ असं सांगा. लिव्हर ‘पी’वर (पार्किंग) अडकला, तर बऱ्याच गाड्यांत त्याच्या शेजारी छोटं झाकण असतं. आधी चाकांना दगड लावा, ब्रेक दाबून धरा, झाकण काढून आतली कळ स्क्रू ड्रायव्हरने दाबा आणि लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) आणा. घाटाच्या उतारावर दगड लावल्याशिवाय हे मुळीच करू नका.

कंपनीची सेवा गाडी सहसा स्वतःच्याच सर्व्हिस सेंटरला नेते. तुम्ही तिथेच काम करून घेत असाल, तर ती घ्या. बाहेरच्या गॅरेजवर भिस्त असेल, तर विम्याचं ॲड-ऑन बरं पडतं. मात्र घराच्या दारात बंद पडलेली गाडी त्यात धरतात का, ते पाहा. असोसिएशनकडे एकच चौकशी करा : कराड-चिपळूण रस्त्यावर त्यांचा माणूस आहे का? कोणतीही योजना घेतली, तरी घाटात येते ती बहुधा एखाद्या स्थानिक टोइंगवाल्याचीच गाडी. त्याचा नंबर जवळ ठेवा.

प्रश्न : साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत टोइंग असतंच ना? आणि १०३३ ला फोन केला की क्रेन फुकट येते म्हणतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पॉलिसीत असतं, पण अपघातानंतरचं, खासगी मोटारीला १,५०० रुपयांपर्यंत. इंजिन किंवा बॅटरीने दगा दिला तर त्यातून काही मिळत नाही. १०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन. तिथली क्रेन वाहतुकीला अडथळा करणारी गाडी सुरक्षित जागी हलवते. तिथून गॅरेजपर्यंतची सोय तुमची तुम्हीच करायची. फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, आणि तुम्ही पुण्याकडे तोंड करून आहात की कोल्हापूरकडे, तेही.