खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी शिशाचा धोका राहतो का?

हो, राहतो, कारण खाणीला टाळं लागलं तरी शिसं मातीतून नाहीसं होत नाही. झांबियातल्या काब्वे शहरातली शिशाची खाण १९९४ मध्ये बंद पडली, पण खाणीच्या कचऱ्याच्या उघड्या ढिगाऱ्यांची धूळ आजही वस्तीत, अंगणात येऊन बसते. रांगणारं पोर तेच हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या ४-५ पट शोषलं जातं. शरीर त्याला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडांत साठवतं. तिथून ते अनेक वर्षं, विशेषतः गरोदरपणात, पुन्हा रक्तात उतरतं. मुलांमध्ये बुद्धीवर परिणाम होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मात्र रक्ततपासणी मुख्यतः अलीकडचा संपर्क दाखवते. त्यामुळे गाव सोडून गेलेल्याचा रिपोर्ट चांगला आला, म्हणून लहानपणी शिसं पोटात गेलंच नाही असं म्हणता येत नाही. तिथे राहत असाल तर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि मुलांचे हात जेवणाआधी धुवा. अर्थात ढिगारे झाकल्याशिवाय हे सगळं तात्पुरतंच.