तापलेला स्लॅब, रात्रपाळी आणि वीस महिन्यांचं पोर

प्रश्न : काकू, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. जुन्या घरावर चढवलेल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, डोक्यावर थेट स्लॅब. खाली मोठ्या दिरांचं बिऱ्हाड. आत्ती आणि मामा, म्हणजे सासूसासरे, आमच्याकडे असतात. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. रात्रपाळी असली की सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतात. मुलगा वीस महिन्यांचा. एप्रिल लागल्यापासून तो दुपारी झोपत नाही. चारला कसाबसा डोळा लागतो आणि मग रात्री साडेअकरापर्यंत घरभर पळतो. जेवायला तोंड उघडत नाही, नुसतं बाटलीनं दूध मागतो. मानेवर घामोळ्या उठल्यात. यांची झोप मोडू नये म्हणून मी त्याच्या हातात मोबाईल देऊन बसते. मामा संध्याकाळी त्याला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजतात, ते चालेल का? मला तर काहीच सुचेनासं झालंय.
— एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : पोरी, तुझा मुलगा हट्टी नाही आणि तूही कुठं कमी पडत नाहीस, हे आधी सांगते. करवीर तालुक्यातल्या गावांत मी आरोग्यसेविका म्हणून उभी हयात काढली. उन्हाळा आला की हीच गाऱ्हाणी घेऊन बाया यायच्या: झोपत नाही, खात नाही, नुसतं किरकिरतंय. विचारपूस केली की कळायचं, ऊन वाढलंय पण घरातलं वेळापत्रक थंडीतलंच चाललंय. अंघोळ नऊला, जेवण एकला, झोप दोनला. दोन वाजता तुझ्या खोलीत काय होतं ते मी सांगायला नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. त्यात लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं, कारण वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते आणि आपल्याइतका घामही त्याला येत नाही. असल्या खोलीत त्याला थोपटत बसण्यात काय अर्थ आहे? वेळ बदल, जमलं तर जागाही बदल.

आता कसं ते सांगते. मे महिन्यातसुद्धा आपल्याकडची पहाट गार असते, तिचा फायदा घे. साडेपाच-सहाला त्याला उठव, किंवा बहुधा तो आपणच उठेल. मामांच्या अंगात हौस आहे हे तुझ्या पत्रावरनं दिसतंय. त्यांना म्हण, "मामा, संध्याकाळचं राहू दे, सकाळी रंकाळा तलावावर न्या की याला." त्या फरशीवर मनसोक्त पळू दे, फक्त पाण्यात हात घालू देऊ नका. आठ-साडेआठच्या आत घरी. तोवर तुझे हे येऊन, चहा-नाश्ता करून पडलेले असतील आणि पोराची निम्मी मस्ती बाहेर जिरलेली असेल. साडेदहाला अंघोळ, सव्वाअकराला जेवण आणि बाराच्या सुमारास झोप. दोन-अडीचला तो उठला पाहिजे, त्यापुढं लोळू देऊ नकोस. या वयाच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते. त्यातली काही अशी संध्याकाळी चार ते सहा वाजेपर्यंत झाली, तर रात्री नऊला त्याला झोप येणार कुठनं?

आणि ही दुपारची झोप खाली, दिरांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत होऊ दे. तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की जुन्या घराचा तळमजला एवढा जवळ असताना ही वर का भाजून घेतेय. जुन्या भिंती जाड असतात आणि वर तुमचाच मजला असल्यामुळं खाली उन्हाची थेट धग पोचत नाही. पत्रात जाऊबाईंचा साधा उल्लेखही नाही, त्यावरनं मला जे समजायचं ते समजलं. सख्ख्या जावांमध्येही विचारायला जड जातं, माहीत आहे मला. पण दारात उभं राहून आडवळणानं "वर फार उकडतंय हो" म्हणू नकोस, त्यातनं कुणालाच काही कळत नाही. सरळ सांग, "ताई, बारा ते अडीच याला तुमच्या सोप्यात झोपवू का? मी सोबत बसते, तुमच्या कामात अडचण होणार नाही." आणि त्याच दमात हेही म्हण की त्यांच्या मुलांना संध्याकाळी बागेत न्यायचं काम तुझं. मुलांना सुट्टी लागली की घरातल्या बाईला संध्याकाळचा तासभर किती मोलाचा वाटतो ते तुला त्यांच्या तोंडावरच दिसेल. टाऊन हॉलच्या बागेत मोठाली जुनी झाडं आहेत. ऊन कललं की तिथं पोरं बागडू देत. रात्रपाळीच्या आठवड्यात तर हा सौदा तुम्हा सगळ्यांच्याच फायद्याचा आहे. वर यांना निवांत झोप मिळेल आणि तुला मोबाईलचा आधार लागणार नाही.

मोबाईलबद्दल बोलणी खायची तयारी ठेवून तू लिहिलंस, पण मी बोलणार नाही. दोन वर्षांच्या आत तो नको, एवढंच. त्याच्या जागी मोरीत घंगाळभर नव्हे, दोन बोटं पाण्याची परात ठेव, त्यात एक वाटी, एक गाळणी, एक चमचा. पोर अर्धा तास आवाज न करता ओततं आणि भरतं. तू हाताच्या अंतरावर बसायचं आणि खेळ संपला की परात तिथल्या तिथं पालथी करायची. पेठेत नळाला पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून घरोघरी बॅरल आणि बादल्या भरलेल्या असतात. एवढंसं पोर बादलीत डोकावलं की डोक्याच्या वजनानं आत जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. थोडंसं पाणीही जीव घ्यायला पुरतं आणि आवाज येत नाही. बॅरलला घट्ट झाकण, रिकाम्या बादल्या उपड्या आणि मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी. हे आजच कर.

खाण्याचं ऐक. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या सबंध वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे भूक आपोआप कमी होते, त्यात ऊन. ताटातलं संपवलं नाही म्हणून आत्ती काळजी करत असतील तर त्यांना हा हिशेब सांग. पण तुझ्या मुलाची भूक मारतंय ते बाटलीतलं दूध. या वयाला दिवसाला दोन कप, म्हणजे 400 ते 500 मिली, भरपूर झालं. त्याहून जास्त दूध प्यायलं की पोट भरलेलं राहतं, जेवण सुटतं आणि अंगातलं लोह कमी होऊन मूल पांढरं पडायला लागतं. बाटली बंद कर आणि दूध फुलपात्रातनं दे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन-तीन दिवस तो रडेल, तू डळमळू नकोस. सकाळी फिरून आला की नाचणीची आंबील, ताक घातलेली. आत्तींच्या हातची असेल तर आणखी चांगली. त्यांना करायला सांग, त्यांनाही बरं वाटेल. दुपारी दहीभात किंवा मऊ मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप. कलिंगड बिया काढून. पाणी तो मागेल तेव्हा देऊ म्हणू नकोस, खेळात मुलं मागायचंच विसरतात. दर तासा-दीड तासानं माठातलं दोन-चार घोट पुढं कर.

आता गंगावेशीचा दूध कट्टा. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळ दूध तिथंच उभ्यानं प्यायचं, हे कोल्हापूरचं वैभव आहे. तालमीतल्या पैलवानांची अंगं त्याच दुधावर पोसली, आणि मामांनी नातवाला तिथं न्यावं यातली माया मला पुरेपूर कळते. तरीही वीस महिन्यांच्या पोराला कच्चं दूध द्यायचं नाही. जनावर धडधाकट दिसत असलं तरी कच्च्या दुधातनं क्षयाचे, ब्रुसेला तापाचे आणि जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात, आणि उन्हाळ्यात जुलाबाचे जंतू झपाट्यानं वाढतात. मामांना "तुमचं चुकलं" म्हणू नकोस. म्हण, "मामा, कट्ट्यावरचं दूध किटलीत घेऊन या, मी उकळून गार करून त्याला तुमच्याच हातानं पाजते." कट्टा सुटत नाही, नातू सुटत नाही आणि दूधही उकळलं जातं.

घामोळ्यांना पावडर थापू नकोस. घामाची छिद्रं बुजून त्या उठतात, पावडरीनं ती आणखी बुजतात. मामांचं जुनं मऊ धोतर असेल तर त्याची झबली शिव, बिनबाह्यांची. दिवसातनं दोनदा साध्या पाण्यानं अंघोळ घाल, साबण एकदाच. मान वर उचलून वळीतलं पाणी कापडानं नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. गळ्यातला काळा दोरा भिजून तिथंच घासत असेल, तर उन्हाळाभर तो मनगटाला बांध. पू धरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखव.

खोलीसाठी एवढंच: गच्चीवर चुना मारून घे, पांढऱ्या स्लॅबला ऊन कमी लागतं. सकाळी नऊनंतर खिडक्या बंद ठेव आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की सताड उघड.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. सहा-आठ तासांत शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, डोळे खोल गेले, तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समज. जुलाब-उलट्या असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणं असं लिहिलेली ओआरएसची पुडी आण. एक लिटरची असेल तर ती पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाल आणि चमच्या-चमच्यानं पाज. चोवीस तासांनंतर उरलेलं टाकून दे. निम्मी पुडी अंदाजानं घालायची नाही. आणि अंग तव्यासारखं तापलंय, पोर सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही असं झालं, तर कपडे काढून ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसत, वारा घालत थेट दवाखाना. 108 ला फोन कर, किंवा जवळ असेल ते वाहन घेऊन सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठ. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

प्रश्न : माझा अडीच वर्षांचा नातू सुट्टीला पुण्याहून येणार आहे. आंब्यानं गळवं येतात म्हणून सूनबाई त्याला आंबा देत नाही. जांभळं, करवंदं तरी द्यावीत का?
— एक आजी, कसबा बावडा

उत्तर : वहिनी, आंबा खुशाल द्या. आंब्यानं गळवं येत नाहीत. देठाजवळचा चीक कातडीला लागला तर तोंडाभोवती पुरळ उठतं, म्हणून आंबे तासभर पाण्यात ठेवून, धुऊन, देठाकडची बाजू कापून टाका आणि फोडी करून द्या. बाठा चोखायला दिलात तर नंतर तोंड धुवा. जांभूळ बी काढून, बोटांनी कुस्करून. करवंदं चिरून, चीक धुऊन. द्राक्ष उभं चिरून चार तुकड्यांत. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खे हरभरे पाच वर्षांपर्यंत लांबच ठेवा, ते श्वासनळीत अडकतात. खाताना त्याला पळू देऊ नका, मांडी घालून बसवा. कधी घास अडकलाच आणि आवाज बंद झाला, तर तोंडात बोट घालून चाचपू नका. त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरकस थापा मारा. निघालं नाही तर मागनं कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके द्या, पुन्हा पाच थापा, आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणी 108 ला फोन लावायचा. सूनबाई आल्या की त्यांनाही हे करून दाखवा.