‘इच्छामरण’, ‘दयामरण’ आणि ‘सुटी गयी’

चोपड्याच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: बऱ्या न होणाऱ्या रोग्याच्या यातना संपवण्याला पेपरवाले कधी ‘इच्छामरण’ म्हणतात, कधी ‘दयामरण’. दोन्ही एकच का?

एकच कसे असतील? समास सोडवून बघा. इच्छामरणात इच्छा मरणाऱ्याची. दयामरणात दया दुसऱ्याची, म्हणजे निर्णयही दुसऱ्याच्या हातात. शंतनूने भीष्मांना वर दिला तो इच्छामरणाचा; शरपंजरी उत्तरायणाची वाट भीष्मांनीच पाहिली. म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बातम्यांतलं ‘इच्छामरण’ मला तेव्हाही खटकायचं. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या आपलं मत सांगण्याच्या स्थितीतच नव्हत्या. अर्ज दुसऱ्यांनी केलेला. इच्छा विचारायची कुणाला? ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण जगवणारे उपचार थांबवायची वाट कडक अटींवर उघडली. बरं, ‘दयामरण’ म्हणावं तर केईएमच्या परिचारिकांची दया नेमकी उलट बाजूला होती. त्यांना अरुणाबाईंना जगवायचं होतं.

‘निष्क्रिय इच्छामरण’ हा शब्द तर ‘पॅसिव्ह युथनेशिया’च्या भाषांतराची निव्वळ कसरत. आपल्याकडे ‘मारणं’ आणि ‘मरू देणं’ अशी सरळ क्रियापदं आहेत आणि कायद्याची रेघही तिथूनच जाते. सुई टोचून मारणं आजही गुन्हा. उपचार थांबवून मरू देणं २०१८ च्या निकालाने अटींसह मान्य. अडचण एवढीच, की ‘मरू दे’ आपण वैतागूनही म्हणतो.

पुढे बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा दस्त त्याच निकालात आला. त्याला ‘इच्छापत्र’ म्हणू नका, ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणा. नुसतं इच्छापत्र म्हटलं की आपले लोक सातबारा काढून बसतात! २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोर करता येतं.

‘प्रायोपवेशन’ ही आणखी वेगळी गोष्ट: स्वतःहून अन्नत्याग. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणाऱ्या विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. तिथे ना डॉक्टरची दया, ना कोर्टाची परवानगी.

आपल्या घरांत मात्र यातला एकही शब्द ऐकू येत नाही. माझ्या आत्याच्या वेळी डॉक्टर एवढंच म्हणाले, “आता घरी घेऊन जा.” या चार शब्दांत सगळं आलं. पारोळ्याला आणलं तेव्हा सलाईनची चिकटपट्टी मनगटावर तशीच होती. ती कुणी काढलीच नाही. दोन दिवस चमच्याने पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारची काकू ओट्यावरून अहिराणीत म्हणाली, “सुटी गयी माय.” म्हणजे सुटली.

‘सुटणं’ अकर्मक आहे. कुणी सोडवलं, हे ते विचारतच नाही. माझ्या वडिलांनी मात्र, तिच्या पाठच्या भावाने, त्या रात्री मला विचारलं, “आपण तिला सोडवलं, का सोडून दिलं रे?”