पॅरिसमध्ये कमी बजेटमध्ये अस्सल फ्रेंच जेवण कुठे मिळेल?

सरळ बुयों शोधा. हा तिथला जुना स्वस्त खानावळीचा प्रकार, 1850च्या दशकात एका खाटकाने बाजारातल्या कामगारांना गरम रस्सा आणि मांस परवडावं म्हणून सुरू केला. बुयों शार्तिए 1896 पासूनचं आहे, ग्राँ बुलव्हार मेट्रोजवळ, वेटर बिल टेबलावरच्या कागदावरच पेनाने लिहितो, हॉल तर इतका सुंदर की नुसता बघायला पण जावं. बुयों पिगालही छान. रांग लागते म्हणून साडेअकरा-बाराला किंवा दुपारी तीननंतर जा.

दुसरीकडे खायचं असेल तर दुपारीच खा, रात्री नको, कारण दुपारी बाहेरच्या पाटीवर 'फॉर्म्युल' लिहिलेला असतो म्हणजे दोन-तीन पदार्थ ठरलेल्या किमतीत, वेगवेगळे मागवण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि पाणी मागताना 'ऊन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट असतं, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात. सर्व्हिस चार्ज किमतीतच धरलेला असतो त्यामुळे टिपचं टेन्शन घेऊ नका.

शाकाहारी असाल तर कांद्याचं सूप विचारूनच घ्या हं, ते बहुतेक बीफच्या स्टॉकमध्येच करतात.