राष्ट्रपती निवडताना उमेदवार बाई आहे की अमुक धर्माचा, यावर मतं फिरतात का? आपल्या कोल्हापूरच्या आमदारांच्या मताला वजन किती?

फार कमी फिरतात; बाई द्यायची की मुस्लिम, शीख, दलित, हा हिशेब उमेदवार ठरवतानाच उरकलेला असतो. राज्यघटनेच्या कलम ५८ ला लिंग-धर्माशी देणंघेणं नाही: नागरिकत्व, वय ३५ पूर्ण, लोकसभेसाठी पात्रता, सरकारी लाभाचं पद नको, बस्स. मत देतात ते निवडून आलेले खासदार आणि विधानसभेचे आमदार. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ (१९७१ ची लोकसंख्या भागिले २८८, भागिले १०००). म्हणजे जिल्ह्यातले दहाही आमदार एका बाजूला गेले तरी १,७५०, आणि २०२२ ला एकूण मूल्य होतं १०,८६,४३१. आता बघा, २००२ मध्ये लक्ष्मी सहगल आणि २०१७ मध्ये मीरा कुमार हरल्या, २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील जिंकल्या. तिन्ही वेळा निकाल पक्षांच्या बेरजेनं लागला, स्त्री-पुरुष हा मुद्दा भाषणांपुरता. मात्र ओळख कधीकधी कुंपण ओलांडायला लावते, कारण या निवडणुकीत व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. २००७ ला एनडीएत असूनही शिवसेनेनं एनडीएच्या पाठिंब्यावर उभे असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताईंना मत दिलं, ते मराठी म्हणून. २०२२ ला झारखंड मुक्ती मोर्चा विरोधी आघाडीत असून द्रौपदी मुर्मूंकडे गेला, तो त्या आदिवासी म्हणून. दोन्ही उमेदवार महिलाच, पण मतं वळवली प्रांतानं आणि समाजानं.